पुराच्या रात्री शाळा उघडली; खर्च कोणाचा?

प्रश्न : वणा नदीचे पाणी शिरल्याने गावातली 11 कुटुंबे, म्हणजे 46 माणसे, आम्ही जिल्हा परिषद शाळेत हलवली. चार दिवसांचा किराणा, गॅस, ताडपत्री सगळे उधारीवर आणले. आता दुकानदार तगादा लावतो आहे. पैसे ग्रामपंचायतीने द्यायचे की तहसीलने? *(एक सरपंच, हिंगणघाट तालुका)*

उत्तर : सरपंच साहेब, हा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत बसतो. त्यात 75 टक्के वाटा केंद्राचा आणि 25 टक्के राज्याचा. पूरग्रस्तांच्या छावणीतला निवारा, जेवण, कपडे, औषधपाणी यांची तरतूद त्याच्या निकषांत आहे, साधारण 30 दिवसांपर्यंत. पैसा तहसीलदारांच्या मागणीवरून 2245 या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशोबाच्या खात्यातून, येतो. मागणी मात्र कागदावर उभी राहते, आणि बहुतेक गावे तिथेच अडकतात.

पहिला कागद छावणी उघडल्याचा. रात्री दोन वाजता लेखी आदेश कोण देणार? तेव्हा तहसीलदारांना फोन करा, लगेच मोबाइलवर संदेशही टाका आणि सकाळी त्याच तारखेचे पत्र देऊन पोच घ्या. दुसरा कागद मुक्कामाची वही. त्यात कुटुंबप्रमुख, प्रत्येकाचे नाव, वय, आल्याची आणि गेल्याची तारीख, रोजची सही किंवा अंगठा, आणि पानाखाली तलाठ्याची सही. गेल्याची तारीख कोरी राहिली तर किती माणसे किती दिवस जेवली हे सिद्ध होत नाही आणि बिल परत येते. तुमच्याकडे वही नसेल तर आजच 11 कुटुंबांचे जबाब घ्या. तलाठी आणि पोलीस पाटील यांच्या सहीने ते जोडता येतील. दुकानदाराकडून साध्या चिठ्ठीऐवजी तारीखवार पावती घ्या. बचत गटाने स्वयंपाक केला असेल तर ग्रामपंचायतीच्या मासिक सभेचा ठराव लावा.

एक कळकळीची सूचना. शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळाला हात लावू नका. त्याचा हिशोब मुलांच्या हजेरीशी जुळवला जातो आणि तूट मुख्याध्यापकाच्या माथी बसते.

पुढच्या पावसाळ्यासाठी मापेही लिहून ठेवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मानकांनुसार छावणीत माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा हवी. 6 बाय 8 मीटरच्या वर्गखोलीत 13 माणसे बसतात, म्हणजे 46 जणांना चार खोल्या. पिण्याचे पाणी माणशी रोज 3 लिटर, शौचालय-आंघोळीला 15 लिटर. एकूण रोज 828 लिटर, म्हणजे हजार लिटरची एक टाकी. शौचालय 30 माणसांमागे एक, 50 मीटरच्या आत, आणि बायकांचे वेगळे. शाळेचा हातपंप पुरात बुडाला असेल तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून तपासणी झाल्याशिवाय त्याचे पाणी पिऊ देऊ नका. छावणीत पोटदुखी-जुलाबाची सुरुवात अनेकदा तिथूनच होते.

ग्रामपंचायतीचा पैसा तयारीला वापरा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी. शाळेचे शौचालय, टाकी, नळजोडणी ही कामे त्याच प्रकारची आहेत, पण गावाच्या विकास आराखड्यात आधी घेतलेली असली पाहिजेत.

प्रश्न : आमचे मातीचे, कवेलूचे घर. पाऊस उघडल्यावर तिसऱ्या दिवशी मागची भिंत आणि आढे खाली आले. पंचनाम्यात “झोपडी, अंशतः नुकसान” लिहिले आहे. आम्ही सध्या दिराच्या पडवीत राहतो. *(एक शेतमजूर भगिनी, ब्रह्मपुरी तालुका)*

उत्तर : ताई, तुमचे सगळे अनुदान त्या तीन शब्दांवर ठरते. 2022-23 ते 2025-26 या काळाच्या केंद्राच्या निकषांत झोपडीला 8,000 रुपये. कच्च्या घराच्या अंशतः नुकसानीला 4,000, तेही किमान 15 टक्के पडझड असल्यास. पक्के असो वा कच्चे, पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात 1,20,000 आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात 1,30,000. कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 वेगळे. निकषातली झोपडी म्हणजे गवत, तट्टे, प्लॅस्टिकचे तात्पुरते खोपटे. मातीच्या भिंतींचे कवेलू घर हे कच्चे घर आहे.

तहसीलदारांना फेरपंचनाम्याचा अर्ज द्या. सोबत नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीतली घराची नोंद), चारी बाजूंचे फोटो, आणि एका फोटोत भिंतीची जाडी दिसेल असा टेप धरा. किती टक्के पडले यावर वाद असेल तर पंचायत समितीच्या अभियंत्याकडून तपासणी मागा. मलबा तोपर्यंत उचलू नका. जागा साफ झाली की पडझड मोजायला काही उरत नाही.

तारखेकडेही लक्ष द्या. मातीची भिंत पाणी पिऊन फुगते आणि ऊन पडल्यावर बसते. त्या दिवशी पावसाची नोंद शून्य असते, म्हणून प्रकरण नाकारले जाते. पंचनाम्यात पडण्याच्या तारखेबरोबर आधीच्या पावसाच्या तारखा आणि महसूल मंडळातली पावसाची नोंद लिहून घ्या. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. आधार बँक खात्याला जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते.

प्रश्न : पूर नाही, आग नाही, घरमालकाने सामान बाहेर काढले. नवराबायको आणि दोन मुलांसाठी तालुक्यात निवारा आहे का? *(एक शिक्षक, यवतमाळ जिल्हा)*

उत्तर : गुरुजी, इथे व्यवस्थेत मोठे भगदाड आहे. बेघरांसाठी शहरी उपजीविका अभियानातून निवारे उभे राहिले, लाख लोकसंख्येमागे 100 जणांचे, पण ते शहरांपुरते. आणि त्या अभियानाची मुदत 2024 मध्ये संपली. गावातल्या अखंड कुटुंबासाठी तसे काही नाही, आणि हे चूक आहे असे आम्हाला स्पष्ट वाटते. मारहाण, छळ असेल तर ती बाई मुलांसह जिल्ह्याच्या सखी केंद्रात (पीडित महिलांचे मदत केंद्र) काही दिवस आणि पुढे शक्ती सदन या महिला निवाऱ्यात राहू शकते. 181 या महिला मदत क्रमांकावर फोन करा. तसे नसेल तर ग्रामपंचायतीकडे समाजमंदिराची एक खोली ठरावीक मुदतीसाठी लेखी मागा. त्याच अर्जात घरकुल यादीत नाव घेण्याची आणि जागा नसल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची मागणी लिहा. अर्जावर पोच घ्यायला विसरू नका.