लिलावातली गाडी राहू द्या, आधी ती ‘एफडी’ कसली ते बघू

पत्र कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर असलेल्या एका वाचकाचं आहे. वय ३६, महिन्याला हातात पगार ४२ हजार, घरी मिसेस, दोन पोरं, आई. २०१८ ची हॅचबॅक पुढून ठोकली, इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी त्यामुळं क्लेम नाही. बॉनेट, डावा फेंडर, हेडलाइट, रेडिएटर गेलाय, एक एअरबॅग उघडलीय. उद्यमनगरच्या गॅरेजवाल्यानं नवीन पार्टचं एस्टिमेट दीड लाखाच्या पुढं दिलंय. यांना ऑनलाइन लिलावात पुण्याच्या यार्डातली त्याच मॉडेलची, मागून ठोकलेली टोटल लॉस (विमा कंपनीनं दुरुस्तीपलीकडची ठरवलेली) गाडी दिसलीय, साधारण ६० हजारात निघेल असा अंदाज. विचारतायत, ‘घ्यावी काय? पाहिजे ते पार्ट काढून घेतो, उरलेले विकून ३०-४० हजार सुटतील. पैशाची अडचण नाही, बँकेतली एफडी आहे, वर्षाला ६० हजारप्रमाणे तीन हप्ते भरलेत, चौथ्याचे पैसे पण बाजूला काढलेत, ती मोडतो. कमी पडलं तर मिसेसच्या पाटल्या आहेतच.’

अहो, एफडीला हप्ते असतात होय?

मी तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग तुम्ही जोडलेला पावतीचा फोटो झूम करून बघितला. त्यावर ‘प्रीमियम’ लिहिलंय, ‘विमा रक्कम ६ लाख’ लिहिलंय, मुदत १५ वर्षं, हप्ते १० वर्षं. ही एफडी नाही, एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र. बँकेच्या काउंटरवर, बँकेच्या माणसानं, बँकेच्याच पेनानं सही घेतली म्हणून ती बँकेची ठेव होत नाही, पैसे विमा कंपनीकडं गेलेत. तुम्ही लिहिलंय की साहेब म्हणाले कधीही काढता येतात, तर काढता येतात हे खरंच आहे, किती मिळतील ते त्यांनी सांगितलं नाही एवढंच.

ते मी सांगतो. तुम्ही भरले १.८० लाख. तिसऱ्या वर्षात मोडली तर नियमाप्रमाणं मिळायची किमान रक्कम भरलेल्याच्या ३५ टक्के, म्हणजे ६३ हजार. कंपनी याच्यापेक्षा जास्त देईलही, तो आकडा तिच्याकडूनच कळेल. चौथ्या ते सातव्या वर्षात हीच किमान रक्कम ५० टक्के होते, म्हणजे आत्ता घाईनं मोडणं हा महागाचा मुहूर्त. ६० हजाराच्या भंगार गाडीसाठी तुम्ही १ लाख १७ हजारापर्यंत सोडायला निघालाय, आणि वर म्हणताय पैशाची अडचण नाही.

बरं, चालू ठेवली तर? कागदावर शेवटी साडेनऊ लाख दाखवलेत, बोनस धरून, आणि बोनसची गॅरंटी नाही. दहा वर्षं ६०-६० हजार भरून पंधराव्या वर्षी साडेनऊ लाख म्हणजे साधारण साडेचार टक्के पडतात. असल्या पॉलिसीला ‘एफडीपेक्षा भारी’ म्हणून विकणाऱ्यांशी बोलायचा मला आता कंटाळा आलाय. त्यात खरं नुकसान व्याजाचं पण नाही. ४२ हजार पगार, खाणारी पाच तोंडं, आणि तुमच्यावरचा सगळा विमा मिळून ६ लाख, म्हणजे चौदा महिन्यांचा पगार. मोठी पोरगी तुम्हीच लिहिलंय तसं पाचवीत आहे.

म्हणून माझं मत असं, की ही पॉलिसी मोडू पण नका आणि पुढचा हप्ता पण भरू नका, ‘पेड-अप’ करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. दोन वर्षांचे पूर्ण हप्ते गेलेत म्हणून ते जमतं. दहापैकी तीन हप्ते भरले की ६ लाखाचे १.८० लाख उरतात, आतापर्यंत जमा झालेला बोनस वर, आणि ते मुदत संपल्यावर मिळतात. आज ६३ हजार घेण्याऐवजी बारा वर्षांनी १.८० लाख, म्हणजे नुसत्या हिशेबानं ९ टक्क्यांच्या आसपास. आणि पुढचे सात हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशावर जेमतेम ६ टक्के, ते पण बोनस आला तर. कंपनीकडून सरेंडर (मोडल्यावर मिळणारे) आणि पेड-अप दोन्हीचे आकडे लेखी मागवा, फोनवर ‘सर असं करू नका, लॉस होईल’ म्हणतील, म्हणू देत.

बाजूला काढलेल्या ६० हजाराचं पहिलं काम टर्म इन्शुरन्स, म्हणजे नुसता जिवाचा विमा, त्यात बचत नाही. तुमच्या वयाला एक कोटीचं कव्हर वर्षाला साधारण १२ ते १८ हजारात बसतं, तंबाखू खात असाल तर जास्त, आणि खात असाल तर फॉर्मवर खरं लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी मिसेसनं भांडत बसायचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ इन्शुरन्सवर जीएसटी पण नाही. राहिलेले ४०-४५ हजार सेव्हिंगला नाहीतर खऱ्या एफडीत, ज्याला हप्ते नसतात अशा, कारण तुमच्याकडं अडीनडीला दुसरं काहीच दिसत नाही. पाटल्यांना हात लावायचा नाही, गाडीच्या बॉनेटसाठी तर नाहीच.

फसवून विकलं याची तक्रार करायची असेल तर आधी बँक आणि विमा कंपनीला लेखी, तिथं दाद नाही मिळाली तर ‘बीमा भरोसा’ पोर्टल, मग पुण्याचे विमा लोकपाल. साहेबांनी व्हॉट्सॲपवर ‘एफडी’ शब्द लिहिला असेल तर तो मेसेज जपून ठेवा, बाकी सगळं तोंडी असेल तर केस अवघड आहे, खोटं कशाला सांगू.

आता गाडी. अख्खी घेऊ नका. ६० हजाराची बोली, लिलाववाल्यांची फी आणि टॅक्स, पुण्याहून ट्रेलरनं आणायचं भाडं, खोलायची मजुरी असं धरलं की ८० हजाराच्या वर जातंय. आणि उरलेले पार्ट विकून ३०-४० हजार? इंजिन विकायला गेलात तर घेणाऱ्याला आरटीओत नंबर चढवावा लागतो, असला गिऱ्हाईक तुम्हाला घरी शोधत येणार नाही. त्या गाडीचं आरसी रद्द झालंय का, ती कुणाच्या नावावर आहे हे निस्तरायचं वेगळंच, आणि गाडी स्क्रॅप करायला २०२१ च्या नियमांपासून नोंदणी केलेली केंद्रं आहेत, आपल्या दारात खोलून बसायचं काम नाही ते.

सुटे पार्ट घ्या. बॉनेट, फेंडर, हेडलाइट जुने चालतात, रेडिएटर प्रेशर टेस्ट करून. एअरबॅग आणि सीटबेल्ट जुने अजिबात नको, त्याचं कोटेशन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच. ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर), वायरिंग पण लिलावातलं नको, गाडी पुरात बसलेली होती का हे फोटोत दिसत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे कसा बंद झाला होता हे मी तुम्हाला काय सांगायचं, त्या पाण्यातल्या गाड्या पण कुठंतरी विकल्या गेल्याच की.

शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तेव्हा व्यापारी रवा, म्हणजे गुळाची ढेप, डोळ्यानं बघून, चाखून बोली लावतो. ऑनलाइनला तुम्ही रव्याचा फोटो बघून बोली लावताय, आणि ‘जसं आहे तसं’ ही अट आधीच मान्य करून. म्हणून पार्ट नंबर दिसेल असा आजचा फोटो मागा, तो नंबर गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या, आणि बोलीचा वरचा आकडा फी-भाडं वजा करून कागदावर लिहून ठेवा. समोरचा वाढवतोय म्हणून आपण वाढवायचं नाही. जुना पार्ट दारात येईपर्यंत नव्याच्या निम्म्याच्या वर जात असेल तर सोडा. पैसे साइटवरूनच भरायचे.

तुम्ही शेवटी लिहिलंय की एक विक्रेता ‘साइटच्या बाहेर स्वस्त देतो, आज रात्री ५ हजार टोकन यूपीआय करा’ म्हणतोय. नाही. तो ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणाला तरी नाही, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पाठवले असतील तर हे वाचायचं थांबवा आणि आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा.

मेडिकल होऊन टर्मची पॉलिसी हातात येईपर्यंत गाडी शेडमध्ये राहू दे, कंपनीची बस कावळा नाक्यावरून आहे असं तुम्हीच लिहिलंय.