केमोनंतर तिसऱ्या दिवशी उलट्या का?

प्रश्न : आईला (वय ५८) स्तनाच्या कर्करोगासाठी ‘एसी’ (डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड या दोन औषधांची) केमो सुरू झाली. पहिला दिवस छान गेला, तिसऱ्या दिवशी मात्र पाणीही पोटात ठरेना. गोळ्या होत्या, पण उलटी झाली तरच द्यायच्या असं आम्हाला वाटलं. पुढच्या वेळी काय करावं?

उत्तर : पहिल्या २४ तासांतल्या उलट्यांमागे मुख्यतः आतड्यातून सुटणारं सेरोटोनिन हे रसायन असतं. ऑन्डॅनसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही उलटीवरची औषधं त्यावर चालतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या उलट्यांत ‘सबस्टन्स पी’ या मेंदूत उलटीचा इशारा देणाऱ्या रसायनाचा मोठा वाटा असतो, तिथे ऑन्डॅनसेट्रॉन एकटं पुरत नाही. म्हणून एसीसाठी सहसा चार औषधं जोडीने देतात : पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन (स्टेरॉइड), सबस्टन्स पी रोखणारं ॲप्रेपिटंट (पहिल्या दिवशी १२५, पुढचे दोन दिवस ८० मिग्रॅ) आणि चार रात्री ओलान्झापिन. आईच्या चिठ्ठीत यातलं काय नाही, हे पुढच्या केमोआधी डॉक्टरांना जरूर विचारा. आणि लिहून दिलेल्या गोळ्या उलटीची वाट न पाहता, बरं वाटत असतानाही, वेळेवर द्या. उलट्या सुरू झाल्यावर त्या आवरणं फार कठीण जातं.

ओलान्झापिन मानसिक आजारावरचं औषध आहे हे कळलं की घरचे ते परस्पर बंद करतात. कृपया तसं करू नका, मळमळीवर ते फार उपयोगी आहे. दिवसभर गुंगी राहत असेल तर डोस कमी करण्याबद्दल विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात २.५ मिग्रॅ डोसने १० मिग्रॅइतकंच काम केलं आणि गुंगी कमी आली.

डेक्सामेथासोन सकाळी नाश्त्यानंतर द्या, रात्री दिल्यास झोप उडते. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर तपासा. ऑन्डॅनसेट्रॉनने शौचाला घट्ट होतं, त्यानेही मळमळ वाढते. त्यावरचं औषध आधीच मागून ठेवा. गोळी घेतल्यावर लगेच उलटून पडली तर मनाने दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. ऑन्डॅनसेट्रॉनची जिभेवर विरघळणारी गोळीही मिळते.

जेवणाचा आग्रह नको. फोडणीचा वास नको, म्हणून पदार्थ कोमट किंवा गार द्या : पेज, मऊ भात, टोस्ट, लाह्या, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी दोन चमचे पाजा. भांडंभर एकदम दिलं की उलटतं. आवडीचा पदार्थ केमोच्या दिवशी करू नका, त्याचीच शिसारी बसते.

दिवसभर काहीच पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि थोडी होत असेल, उलटीत रक्त दिसलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

प्रश्न : हॉस्पिटलच्या दारातच मळमळायला लागतं. हे मनाचे खेळ का?

उत्तर : नाही. आधीच्या उलट्यांशी मेंदूने तो वास, ती जागा जोडलेली असते. आदल्या रात्री आणि केमोच्या सकाळी लोराझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा उपयोग होतो. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.