जड जाते ती वेळ आधी शोधा

"व्हीआरएस घेऊन चार महिने झाले, पैशाची ददात नाही, पण दिवस खायला उठतो," असं तुम्ही लिहिलंय. मी सहा वर्षांपूर्वी याच फेऱ्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आयुष्याचं ध्येय वगैरे शोधायला आत्ता बसू नका. मी बसलो होतो. वहीत सतरा छंद लिहून काढले, बासरीही आणली (ती अजून कपाटावर आहे). त्यापेक्षा दिवसातली नेमकी कुठली वेळ जड जाते ते बघा. सकाळ बरी जाते. दूध, फिरणं, पेपर, बँकेतलं एखादं काम. माझी पंचाईत व्हायची चार ते सहा. डुलकी काढून उठावं तर फोन वाजत नाही, चहाला सोबत नाही. बायकोचा दिवस तिने तीस वर्षं माझ्याशिवाय लावलेला. एकदा मी स्वयंपाकघरातले डबे नव्याने लावायला घेतले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "अहो, तुम्ही कुठेतरी जात जा." लागलं मनाला, पण तिचं बरोबर होतं.

मग मोडीच्या, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या लिपीच्या, वर्गाला नाव घातलं. इतिहासाची आवड म्हणाल तर शून्य. वर्ग मंगळवार-गुरुवार साडेचारला होता, एवढंच कारण.

आधी ओळभर रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, शब्द सुटे नाहीत. पहिले दोन महिने 'वाचणं' म्हणजे निव्वळ अंदाज. तारखांची तर वेगळीच गंमत. 'इहिदे समानीन मया व अलफ' म्हणजे एक, ऐंशी, शंभर, हजार, झाले ११८१. ही शुहूर सनाची, म्हणजे जुन्या मराठी कागदांत वापरल्या जाणाऱ्या कालगणनेची, मोजणी. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १७८०-८१. आयुष्यभर आकडेमोड केलेल्या माणसाला हे भलतंच मानवलं.

पुण्यात पेशवे दप्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात, मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. वाचणारे मोजके. २०२३ साली जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधायची सरकारी मोहीम निघाली, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली ते आठवत असेल. माझ्यासारख्या कच्च्या माणसाकडेसुद्धा लोक जुनी खरेदीखतं घेऊन यायला लागले. आता गुरुवारी पाच वाजता वाचनालयात दोघे-तिघे थांबलेले असतात. गेलो नाही तर फोन येतो, "काका, आज येताय ना?" मला नोकरीतलं हेच हवं होतं, हे तेव्हा कळलं. पगार नव्हे, हुद्दा तर नव्हेच.

तुम्ही मोडीच शिका असं नाही. तबला, रुग्णालयातल्या मुलांना गोष्टी सांगणं, काहीही. फक्त ते घराबाहेर असावं, वार आणि वेळ ठरलेली असावी, आणि तुम्ही नाही गेलात तर कुणाचं तरी अडावं. सोसायटीचं सेक्रेटरीपद मात्र एवढ्यात घेऊ नका. वेळ जातो, पण झोपही जाते.

आणि मोडीच करायची ठरवलीत तर बोरू वगैरे आणायच्या भानगडीत पडू नका. शाईचं साधं पेन आणि एकेरी वही पुरे. पहिला महिना मनगट दुखेल.