रूट कॅनाल केलेला दात आणि शरीराचे आरोग्य : वाचकांचे प्रश्न, दंतवैद्यांची उत्तरे

प्रश्न : माझ्या आईचे वय 58 आहे. गेल्या काही वर्षांपासून तिला आमवाताचा त्रास आहे. तिच्या दोन दाढांचे रूट कॅनाल बऱ्याच वर्षांपूर्वी झाले असून त्या दाढा अजिबात दुखत नाहीत. मात्र एका नातेवाइकांनी तिला सांगितले, की रूट कॅनाल केलेला दात म्हणजे शरीरात ठेवलेला मेलेला अवयव असतो, त्यातून विष पाझरते आणि त्यानेच सांधे धरतात, कर्करोगही होतो. आई आता दोन्ही दाढा काढायला निघाली आहे. काय करावे?

उत्तर : आईंना कृपया थांबवा. दाढा काढण्याचा निर्णय त्या दाढांच्या स्थितीवरून घ्यायचा असतो, आणि तुम्ही लिहिले आहे त्यावरून त्या काढण्यासारखे काही दिसत नाही.

या समजुतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तो कळला म्हणजे भीती बरीच कमी होते. 1910 मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने कॅनडातील मॉन्ट्रियल येथे भाषण करून अनेक गूढ आजारांचे खापर तोंडातल्या जंतुसंसर्गावर फोडले. त्याचा मुख्य रोख किडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल बसवण्याच्या तेव्हाच्या पद्धतीवर होता. पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस या दंतवैद्याने रुग्णांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडल्याचे नोंदवले आणि 1923 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या विचारापायी त्या दोन-तीन दशकांत असंख्य लोकांचे धडधाकट दात आणि टॉन्सिल काढले गेले. काढताना हिरड्यांतल्या जंतूंनी माखलेला दात सशासारख्या लहान प्राण्याच्या अंगात खुपसला, तर तो आजारी पडणारच. त्यावरून माणसाच्या जबड्यात नीट बसलेल्या, भरलेल्या दाताबद्दल काहीच सिद्ध होत नाही. प्राइसच्या प्रयोगांत तुलनेसाठी पुरेशी व्यवस्थाही नव्हती आणि इतरांना तसे निष्कर्ष मिळाले नाहीत.

तुमच्या आईंच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा पुरावा 1938 चा आहे. सेसिल आणि अँजेव्हाइन या अमेरिकी वैद्यांनी आमवाताच्या 200 रुग्णांचा अभ्यास केला. यातले सेसिल आधी याच विचाराचे समर्थक होते. दात किंवा टॉन्सिल काढल्याने रुग्णांचा आमवात बरा होत नाही, असे त्यांना आढळले आणि त्यांनी आपले मत बदलून तसे छापले. आमवात हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होणारा आजार आहे. तो आटोक्यात ठेवणारी औषधे आज उपलब्ध आहेत आणि दाढा काढण्याच्या नादात ती सुरू करायला उशीर झाला, तर सांध्यांचे झालेले नुकसान भरून येत नाही.

‘मेलेला अवयव’ या शब्दांनी फार गोंधळ होतो. दाताच्या आत पोकळीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती असतात. आपण सगळ्यांना मिळून ‘नस’ म्हणतो. कीड तिथवर पोहोचली, की ती सुजते, मग सडते आणि जंतू मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात. रूट कॅनालमध्ये ही सडलेली नस काढून, कानशीसारख्या बारीक फायलींनी मुळातल्या नलिका घासून, सोडियम हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशक द्रावणाने पुनःपुन्हा धुऊन गट्टापर्चा या पदार्थाने घट्ट भरतात. आतली नस गेली, तरी मुळाला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू जिवंत राहतात, त्यांना भोवतालच्या हाडातून आणि हिरड्यांतून रक्त मिळते आणि म्हणूनच असा दात पुढे वर्षानुवर्षे चावण्याचे काम करतो. दाताच्या भिंतीत सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांतला प्रत्येक जंतू मारता येत नाही, हे खरे आहे. तथापि संख्येने अगदी थोडे उरलेले, अन्न तुटलेले आणि चहूबाजूंनी बंद झालेले जंतू सहसा काही करू शकत नाहीत. मुळाशी झालेला हाडाचा खड्डा काही महिन्यांत भरत आल्याचे एक्स-रेमध्ये दिसते, ते याचमुळे.

कर्करोगाबद्दल : कर्करोग झालेल्या बहुतेकांच्या तोंडात रूट कॅनाल असतो, असा दावा सर्रास फिरतो. रूट कॅनाल आणि कर्करोग या दोन्ही गोष्टी वाढत्या वयात अधिक आढळतात, त्यामुळे त्या एकाच माणसात दिसल्या म्हणून एकीने दुसरी झाली असे ठरत नाही. रूट कॅनालमुळे कर्करोग होतो, असे कोणत्याही विश्वासार्ह संशोधनाने दाखवलेले नाही.

आईंच्या समाधानासाठी दोन्ही दाढांचे एक्स-रे जरूर काढून घ्या. दातापुरत्या एक्स-रेमधून मिळणारा किरणोत्सर्ग साधारणपणे आपल्याला निसर्गातून एका दिवसात मिळतो, तेवढाच किंवा त्याहून कमी असतो. मुळाशी काही नसेल, तर त्या दाढांना हात लावू नये.

प्रश्न : वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली आहे आणि ते रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. दाढेत कीड खोल गेली असून दंतवैद्य रूट कॅनाल सुचवतात. अशा रुग्णासाठी रूट कॅनालपेक्षा दाढ काढणे सुरक्षित नाही का? तोंडातले जंतू हृदयात जातात, असे वाचले आहे.

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि इथे ती पूर्वीच्या प्रश्नातल्या भीतीसारखी निराधार नाही. कृत्रिम झडपेवर रक्तातले जंतू जाऊन बसले, तर हृदयाच्या आतल्या अस्तराचा जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. परंतु दाढ काढल्याने ही भीती टळत नाही. दात काढताना भोवतालचे तंतू आणि रक्तवाहिन्या फाटतात आणि जंतू रक्तात शिरतात. नलिकेच्या आत राहून केलेल्या रूट कॅनालमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते. सर्वांत वाईट पर्याय म्हणजे काहीच न करता सडणारी दाढ तशीच ठेवणे.

कृत्रिम झडप असलेले, पूर्वी असा हृदयसंसर्ग होऊन गेलेले आणि जन्मजात हृदयदोषाच्या ठरावीक प्रकारांचे रुग्ण यांना हिरडी किंवा मुळाच्या टोकाशी संबंध येणाऱ्या उपचाराआधी प्रतिजैविकाची एकच मात्रा द्यावी, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये सांगितले आणि 2021 मध्ये ते कायम ठेवले. प्रौढांना सहसा उपचाराआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम देतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर औषध बदलावे लागते. हे वडिलांच्या हृदयतज्ज्ञांनी आणि दंतवैद्यांनी परस्परांशी बोलून ठरवायचे आहे. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे मात्र कृत्रिम झडपेच्या रुग्णासाठी फार धोक्याचे आहे, कारण झडपेवर गुठळी होऊ शकते. रूट कॅनालसाठी ती बहुधा थांबवावी लागतही नाही, आणि दाढ काढण्याऐवजी रूट कॅनाल करण्याच्या बाजूचे हे आणखी एक कारण आहे.

हृदयविकाराचा झटका आणि दात यांच्या संबंधाविषयीही तुम्ही वाचले असेल. हिरड्यांचा आजार किंवा मुळाशी सूज असलेल्यांमध्ये हृदयविकार काहीसा अधिक आढळतो, असे अनेक पाहण्यांत दिसते. पण धूम्रपान आणि मधुमेह ही दोन्हींची सामाईक कारणे आहेत. 2012 मध्ये याच संघटनेने हिरड्यांच्या आजाराबाबत सांगितले, की संबंध आढळतो, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. आणि हा संबंध उपचार न झालेल्या संसर्गाशी आहे. तो संसर्ग काढून टाकणाऱ्या उपचारालाच दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी रूट कॅनाल केलेली वरची दाढ चावताना दुखते आणि हिरडीवर अधूनमधून पुटकुळी येते. कॅप बसवायची राहून गेली होती. नस काढली असताना दुखते कसे?

उत्तर : दुखते ते दाताच्या आत नव्हे, तर मुळाभोवतालच्या तंतूंत आणि हाडात. पुटकुळी येऊन फुटते, याचा अर्थ आत पू होतो आहे आणि तो तिथून वाट काढतो आहे. हे अपयशी ठरलेल्या रूट कॅनालचे लक्षण आहे आणि ते अंगावर काढू नये. त्याचे एक कारण म्हणजे एखादी नलिका साफ करायची राहून जाणे : वरच्या पहिल्या दाढेत तीन मुळे असतात, पण नलिका पुष्कळदा चार. चौथी अतिशय अरुंद असल्याने नजरेतून सुटते. दुसरे कारण म्हणजे कॅप नसल्याने भरणाच्या कडेने लाळ आणि जंतू आत झिरपणे. तिसरे, ज्याची मला सर्वांत धास्ती वाटते, ते म्हणजे दाढ चिरणे. पहिल्या दोन कारणांत जुने भरण काढून रूट कॅनाल पुन्हा करता येतो, किंवा हिरडी उघडून मुळाचे टोक कापता येते. चीर मुळापर्यंत गेली असेल, तर दाढ काढावी लागते. साध्या एक्स-रेत उलगडा झाला नाही, तर त्रिमितीय स्कॅन उपयोगी पडतो. नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेत राहू नका : दाताच्या आत रक्तपुरवठाच नसल्याने औषध तिथे पोहोचत नाही. चेहरा सुजला, ताप आला किंवा तोंड उघडायला, गिळायला अथवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून मी अनेक वर्षे बिसफॉस्फोनेट औषध घेते. एक दाढ किडली आहे. रूट कॅनालच्या भीतीने ती काढून टाकावी का?

उत्तर : तुमच्या बाबतीत शक्य असेल तर ती वाचवावीच. या औषधांमुळे हाडाची झीज आणि भर यांचे चक्र मंदावते, त्यामुळे दाढ काढल्यावर जखम न भरता जबड्याचे हाड उघडे पडण्याचा धोका असतो. ठिसूळ हाडांसाठीच्या नेहमीच्या मात्रेत तो फार कमी आहे, कर्करोगासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत बराच अधिक. नलिकेतच काम होणाऱ्या रूट कॅनालमध्ये हाडाला सहसा जखम होत नाही. जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनाही याच कारणाने दात काढण्याऐवजी रूट कॅनाल सुचवतात. औषधाचे नाव, ते गोळी आहे की इंजेक्शन आणि किती वर्षे घेत आहात, हे दंतवैद्यांना उपचार सुरू होण्याआधीच लिहून द्या.