मुलासाठी ५२५ पट मोठं दाखवणारी दुर्बीण घ्यावी का? दुर्बिणीत नेमकं काय चालतं?

घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की मुलगा सातवीत आहे, नागपुरात मानेवाड्याकडे राहता, वर गच्ची आहे आणि ऑनलाइन एक दुर्बीण पसंत पडली आहे जिच्या खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलंय. असंच खोकं माझ्या बहिणीच्या घरी आलं होतं. त्यावरून भाऊजींचा आणि माझा वाद अजून मिटलेला नाही, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी तो आकडा कुठून येतो ते बघा. ५२५ च्या खाली बारीक अक्षरांत ६०/७०० किंवा ७६/७०० असं काहीतरी असेल. पहिला आकडा पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, दुसरा त्याची फोकल लेंथ, म्हणजे भिंगापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. भिंग लांबून येणारा प्रकाश एका जागी आणून तिथे छोटी प्रतिमा तयार करतं आणि आयपीस, म्हणजे डोळ्यापाशी बसवायचं छोटं भिंग, ती प्रतिमा मोठी करून डोळ्याला दाखवतं. किती मोठी, ते काढायला भिंगाच्या फोकल लेंथला आयपीसच्या फोकल लेंथने भागायचं. ४ मिलिमीटरचं आयपीस लावलं की ७०० भागिले ४, म्हणजे १७५. मध्ये तिपटीची बार्लो लेन्स, म्हणजे पट वाढवणारं जोडभिंग, बसवली की ५२५. गणित बरोबर आहे. पण या हिशेबात व्यास कुठेच आला नाही, आणि दुर्बिणीची सगळी ताकद व्यासात असते.

दुर्बिणीचं पहिलं काम प्रकाश गोळा करणं. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ६० मिलिमीटरचं भिंग तिच्यापेक्षा साधारण ७३ पट प्रकाश घेतं, १३० मिलिमीटरचा आरसा ३४५ पट. दुसरं काम, जवळजवळ असलेले दोन बिंदू वेगळे दाखवणं. ६० मिलिमीटरला दोनेक विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) इतकाच बारकावा जमतो, १३० ला त्याच्या निम्म्याहून कमी. भिंगाने जो तपशील मुळात पकडलाच नाही, तो आयपीस कुठून आणणार? घरातल्या गेलेल्या माणसाचा एकच पासपोर्ट फोटो असतो, तो मोठा करून फ्रेम करतात आणि चेहरा धूसर येतो, तसंच हे. म्हणून व्यासाच्या मिलिमीटरची दुप्पट एवढीच पट कामाची धरतात. ६० ला १२०, ७६ ला १५०. त्याच्या पुढे प्रतिमा नुसती फुगते आणि काळवंडते. ३५ पटीवरून ५२५ वर गेलात तर ग्रहाचं बिंब १५ पट रुंद होतं आणि तेवढाच प्रकाश २२५ पट जास्त जागेत पसरतो.

गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चार चंद्र शोधले ते वीसेक पटीच्या दुर्बिणीतून. नैनितालजवळ देवस्थळला आपली ३.६ मीटरची दुर्बीण आहे. तिचं नाव घेताना कुणी 'किती पट' असं सांगत नाही, आरशाचा व्यास सांगतात. तिथे रात्रभर कुणी आयपीसला डोळा लावून बसत नाही. कॅमेरा लागतो, किंवा प्रकाशाचे रंग वेगळे करून तारा कशाचा बनलाय, किती वेगाने जातोय ते मोजणारं उपकरण. डोळा क्षणभराचा प्रकाश वापरतो, कॅमेरा तासभराचा साठवतो. नारायणगावजवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, त्या रेडिओ लहरी ऐकतात, त्यात बघायला काही नसतंच. आणि मोठ्या दुर्बिणी सगळ्या आरशाच्या असतात, कारण भिंगाला फक्त कडेने आधार देता येतो आणि ते स्वतःच्या वजनाने वाकतं. अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेचं १८९७ चं १०२ सेंटिमीटरचं भिंग, त्याच्या पुढे वेधशाळेच्या कामाची भिंगाची दुर्बीण कुणी नेली नाही.

आता भाऊजींची गोष्ट.

डिसेंबर २०२०. त्या महिन्याच्या २१ तारखेला गुरू आणि शनी आकाशात इतके जवळ येणार होते की दोघांत एक दशांश अंश अंतर राहणार, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतकं. भाची तेव्हा नववीत होती, लॉकडाऊनमुळे घरात कोंडलेली. तिने दिवाळीच्या आसपासच आपल्या मनाने एक वही केली होती. रोज संध्याकाळी गच्चीवर जायचं, हात लांब करायचा आणि दोन ग्रहांच्या मध्ये किती बोटं मावतात ते लिहायचं. मी ती वही पाहिली आहे. तारीख, वेळ, आणि पुढे 'तीन बोटं', 'अडीच', 'दोन', 'दीड', 'एक', मग 'बोटापेक्षा कमी', आणि एका पानावर नुसतं 'ढग'. कुणी शिकवलेलं नव्हतं, शाळेचा प्रोजेक्ट नव्हता.

भाऊजींनी ती वही पाहिली आणि कौतुकाने दुर्बीण मागवली. हेतू चांगलाच होता. पण पाहिला फक्त खोक्यावरचा मोठा आकडा.

२१ ला संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, काहीच दिसून नाही राहिलं." आयपीस कोणतं लावलंय विचारलं. चारचं, बार्लोसकट. म्हटलं, बार्लो काढून टाक, २० चं लाव. मागून भाऊजींचा आवाज आला, "काहून? पाचशे पट घेतली ना आपण? कमी करून कशाले पाहायची?" आयपीस बदललं गेलं नाही. सूर्य मावळून तास झाला होता, आणखी तासाभरात ग्रहही मावळले.

त्या आकड्याने काय केलं बघा. ५२५ पटीला तसल्या आयपीसमधून आकाशाचा चारेक कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) तुकडा दिसतो. गुरू-शनीमधलं अंतर होतं सहा कला. म्हणजे जी घटना बघायला दुर्बीण आणली, ते दोन ग्रह त्यात एकत्र मावणंच शक्य नव्हतं. शिवाय पृथ्वी फिरते, त्यामुळे तेवढा तुकडा पंधरा-वीस सेकंदांत ओलांडून ग्रह निघून जातो. फोकसच्या बटणाला हात लावला की तो काडीचा ट्रायपॉड थरथरतो. थरथर थांबेपर्यंत ग्रह गेलेला. चारच्या आयपीसचं भोक इतकं बारीक की पापणी काचेला टेकते, काच ओली होते, मग दिसतं ते धुकं. अशा अवस्थेत चौदा वर्षांची मुलगी तासभर झुंजत होती आणि घरचे मागून विचारत होते, दिसलं का, दिसलं का.

दुसऱ्या दिवशी मी माझी १३० मिलिमीटरची घेऊन गेलो. पण आधी मुद्दाम त्यांचीच लावली. २० चं आयपीस, ३५ पट, ट्रायपॉडचे पाय आखूड करून खाली वाळूची पिशवी टांगली. दोन्ही ग्रह एकाच वेळी दिसले. शनी छोटासा, पण कडी वेगळी कळत होती. गुरूच्या शेजारी त्याच्या चंद्रांचे टिपके एका ओळीत. भाचीने बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मामा, काल पण हे इथंच होतं?"

तेव्हाच हा विषय संपायला हवा होता. पण जानेवारीत दोन्ही ग्रह सूर्याच्या उजेडात गेले, ट्रायपॉडच्या स्क्रूचे आटे घासले, नेम धरायला वर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या फाइंडरमधून तिला एकटीला काही सापडेना. संक्रांतीपर्यंत दुर्बीण माळ्यावर गेली. आणि घरात वाक्य ठरलं: "दुर्बीण घेऊन दिली होती, चार दिवसांत सोडली. पोरीला आवडच नव्हती." बारावीनंतर तिने बीएस्सी फिजिक्सचा विषय काढला, तेव्हाही हेच वाक्य पुढे आलं. आज ती इंजिनिअरिंगला आहे, तिचं चांगलं चाललंय. भाऊजी वयाने मोठे, माझ्या अडीअडचणीला धावून आलेले, त्यांचा मला आदर आहे. तरी या बाबतीत ते चूक आहेत आणि मी ते त्यांच्या तोंडावर सांगितलंय. आठवडेच्या आठवडे बोटांनी ग्रहांमधलं अंतर मोजणाऱ्या मुलीला आवड नव्हती, हे मी मान्य करणार नाही. खराब साधन हातात द्यायचं आणि मग मुलाची आवड मोजायची, हा अन्याय आहे.

म्हणून तुम्हाला सांगतो, पटीचा आकडा मोठा छापलेलं कोणतंही खोकं घेऊ नका, कंपनी कोणतीही असो. ज्यावर व्यास ठळक लिहिलाय ते बघा. १०० ते १३० मिलिमीटरची आरशाची दुर्बीण, डॉब्सन पद्धतीच्या लाकडी बैठकीवरची, मुलांसाठी यासारखं दुसरं काही नाही. बैठक टेबलावर किंवा स्टुलावर ठेवायची, नळी हाताने ढकलायची, हलत नाही. तेवढं बजेट नसेल तर ६०-७० मिलिमीटरची दुर्बीण घेण्यापेक्षा १०×५० ची, म्हणजे दहा पट दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची, चांगली द्विनेत्री (बायनॉक्युलर) घ्या. चंद्रावरची विवरं, गुरूचे चंद्र, कृत्तिका, देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग, सगळं दिसतं. शनीची कडी मात्र दिसणार नाहीत, ते मुलाला आधीच सांगून ठेवा.

नागपुरातून काही दिसत नाही असं लोक म्हणतात. चंद्र आणि ग्रहांना शहराच्या उजेडाने काही फरक पडत नाही, ते भर शहरातल्या बर्डीच्या गच्चीवरूनही उत्तम दिसतात. फरक पडतो तो तेजोमेघ आणि दीर्घिकांसारख्या पुसट गोष्टींना. त्यांच्यासाठी पेंचला जा. महाराष्ट्रातल्या आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे. आपल्याला दीड-दोन तासांचा रस्ता. रात्री जंगलाच्या वाटेवर कुठेही गाडी थांबवू नका, परवानगी असलेल्या जागीच थांबा. दुर्बीण विकत घेण्याआधी मुलाला गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातही नेऊन आणा.

एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊन ओकत असतो. त्या गरम हवेतून गुरू उकळताना दिसतो आणि माणूस दुर्बिणीला दोष देतो. शक्य असेल तर अंगणात, मातीवर लावा, नाहीतर स्लॅबवर भरपूर पाणी मारून दोन तास थांबा. आणि थंडीत खोलीतून बाहेर काढली की लगेच बघू नका, आरसा बाहेरच्या हवेइतका गार होऊ द्या, अर्धा तास तरी.

फोटोतले रंग दिसतील अशी आशा मुलाला देऊ नका. मृगातला तेजोमेघ डोळ्याला करडाच दिसतो, रंग कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरमुळे येतात.

सूर्याचं आधी लिहायला हवं होतं, ते आता लिहितो. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही, क्षणभरही नाही, डोळा कायमचा जातो. स्वस्त सेटमध्ये आयपीसला लावायची काळी 'सन फिल्टर' काच येते, ती उन्हात तापून तडकू शकते. खोकं उघडल्याबरोबर ती फेकून द्या. दिवसा दुर्बीण गच्चीवर झाकण न लावता सोडू नका.

मॉडेलचं नाव तुम्ही विचारलं होतं, ते मी देत नाही. नावं दरवर्षी बदलतात, व्यास बघितलात तर फसणार नाही. घरी आणल्यावर पहिल्या रात्री चंद्र दाखवा, पण पौर्णिमेचा नको, तेव्हा सावल्या नसल्याने तो सपाट दिसतो. अष्टमीच्या आसपास, उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं. आयपीस सगळ्यात जास्त मिलिमीटरचं लावा, आणि फोकस मुलालाच करू द्या.