घरात तिघांनाही काहीतरी खटकतंय, मानायचं का?

प्रश्न: ताई नमस्कार, दिवाळीनंतर आम्ही पुण्यात भाड्याच्या टूबीएचकेत शिफ्ट झालो, मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. फ्लॅट खरंच छान आहे, ड्राय बाल्कनीला मालकांनी नुकतीच स्लायडिंग लावून दिलीय त्यामुळे थंडीचा त्रास नाही, तिथेच गॅस गीझर आहे, कडकडीत पाणी येतं. पण थोड्याच दिवसांत मला कसंतरीच व्हायला लागलं, डोकं जड, उगाच धडधड, आणि मागच्या बेडरूममधे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं. मी बोलले नाही, म्हटलं नवरा हसेल. परवा सासूबाईच म्हणाल्या, मला या घरात बरं वाटत नाही गं, तर नवरा म्हणे मलाही! मुलगी तर त्या खोलीत झोपायलाच तयार नाही. नाताळात गावी साताऱ्याला गेलो तर सगळे ठणठणीत. सासूबाईंना वास्तुशांत करायचीय, नवरा म्हणतो एकाला वाटलं की सगळ्यांना वाटतं, मालक म्हणतात आधीच्या भाडेकरूंची कधी तक्रार नव्हती. नेमकं काय समजायचं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: वास्तुशांत नंतर बघू, आधी तो गीझर बंद करा. हे वाचताय तेव्हाच उठून करा आणि स्लायडिंग सताड उघडा, बाकीचं नंतर वाचा.

झालं? आता सांगते. तुम्ही ज्या बाल्कनीचं कौतुक केलंय ना, मला नेमकं तेच खटकलं. गॅस जळायला भरपूर हवा लागते, ती कमी पडली किंवा बर्नर खराब असला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बंद बाल्कनीतून तो बाहेर न जाता घरात येतो. त्याला ना रंग ना वास. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, पण हा वायू जळण्यातून होतो त्यामुळे "वास तर येत नाही" याला काही अर्थ नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, म्हणून डोकं जड, धडधड, मळमळ, थकवा, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. आणि हो, कोविडमधला ऑक्सिमीटर काढून बोटाला लावू नका, या वायूने भरलेलं रक्तही त्याला छान ऑक्सिजनवालंच वाटतं, तो खुशाल ९८ दाखवेल. चौघंही डॉक्टरांकडे जा, गॅस गीझरचं स्पष्ट सांगा आणि रक्तातली कार्बन मोनॉक्साइडची तपासणी लगेच करायची का ते विचारा, कारण वेळ गेला की प्रमाण उतरतं. कोणाला चक्कर आली किंवा झापड यायला लागली तर सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं, मग १०८ ला फोन.

खोलीत कोणीतरी असल्याचं वाटणं? तेही यात बसू शकतं. अमेरिकेत १९१२ साली एक कुटुंब एका जुन्या घरात राहायला गेलं, पावलांचे आवाज काय, माणसं दिसणं काय, मुलं निस्तेज, कुंड्यांतली झाडं मेली, नोकरांनाही तेच अनुभव. शेवटी निघालं काय तर घर तापवायची भट्टी बिघडलेली होती आणि तिचा धूर धुराड्यातून जायच्याऐवजी घरातच भरत होता. विल्मर नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १९२१ मधे हे सगळं छापलं. त्या लोकांना वाटत होतं ते खोटं नव्हतंच, फक्त त्यांनी लावलेलं कारण चुकीचं होतं.

नवऱ्याचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, एकाचं बघून दुसऱ्याला वाटतं हे खरंच आहे. पण तुमच्याकडे उलटं झालंय, तिघांना आपापलं वाटलं आणि तिघंही गप्प! एकमेकांशी न बोलता तिघांचं जुळतं तेव्हा त्याला वजन असतं. तरी शंका असेल तर चर्चा थांबवा आणि प्रत्येकाने वेगळ्या कागदावर आठवून लिहा, कुठे, कधी, नेमकं काय, अंघोळींच्या आधी की नंतर. आठवूनच हं, गीझर परत लावून प्रयोग नको.

गप्प का बसलात तेही सांगते. १९६८ मधे लाटाने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एक प्रयोग केला, लोकांना खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटं असताना चारातले तीन जण उठून सांगायला गेले. पण शेजारी मुद्दाम निवांत बसवलेले दोघं असले तर दहातला एकच उठला, बाकीचे खोकत डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. तुम्ही नवऱ्याकडे बघून गप्प, तो तुमच्याकडे बघून गप्प, आणि घरातली लहान पोर मात्र सरळ सांगून मोकळी झाली की मी तिथे झोपणार नाही.

समजा गीझर निर्दोष निघाला, तर मग पुढचं बघा, कपाटामागची ओल आणि बुरशी, नव्या रंगाचा वास, भिंतीपलीकडचा पंप. इंग्लंडमधे कॉव्हेंट्रीला व्हिक टँडी नावाच्या इंजिनिअरला लॅबमधे भूत असल्यासारखं वाटायचं, त्याने शोधलं तर नवीन एक्झॉस्ट फॅनचा १९ हर्ट्झच्या आसपासचा, कानाला न ऐकू येणारा कंप निघाला. १९९८ मधे त्याने हे छापलं. सगळीकडे असंच असतं असं नाही, पण मशीन बंद करून बघायला पैसे पडत नाहीत.

सासूबाईंना वास्तुशांत करू द्या की, त्यांनी सगळ्यात आधी तोंड उघडलं म्हणून तर हे पत्र आलं. फक्त होमाच्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा. आणि मालकांना सांगा की गॅस गीझर काढून इलेक्ट्रिक बसवा. कुरकुर केली तर एवढंच विचारा, आधीचे भाडेकरू होते तेव्हा ती स्लायडिंग होती का?