बक्षीसपत्रानंतर आजींचा सांभाळ कोणी करायचा?

प्रश्न : आमच्या शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक विधवा आजी राहतात. त्यांना मूलबाळ नाही. पतीच्या पश्चात त्यांच्या नावावर आलेली जमीन त्यांनी काही वर्षांपूर्वी पुतण्याला बक्षीसपत्राने दिली. तो पुण्यात राहतो, जमीन खंडाने लावतो, पण आजींना औषधापुरतेही पैसे देत नाही. मी विचारले तेव्हा 'आमच्या घरच्या बाबतीत पडू नका' असे त्याने सुनावले. बाहेरच्या माणसाला यात काही करता येते का?
— एक वाचक, कराड तालुका

उत्तर : करता येते, आणि आपण ते करावे. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या 2007 च्या कायद्यानुसार, अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे किंवा वारशाने ज्याच्याकडे जाणार आहे, त्याची ऐपत असेल तर सांभाळाची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्यामुळे जमीन घेणाऱ्या पुतण्याला ही केवळ घरची बाब म्हणता येणार नाही.

अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोरील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत कराड येथे, करायचा असतो. आजींना स्वतः जाणे शक्य नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली अन्य व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. न्यायाधिकरण दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर करू शकते आणि निकालापूर्वीही अंतरिम रक्कम देण्याचा आदेश काढू शकते. नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अपवादात्मक कारणासाठी त्यात 30 दिवसांची वाढ मिळते.

जमिनीचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, घेणाऱ्याने अट पाळली नाही तर, कलम 23 खाली परत मिळू शकते. परंतु अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले. जानेवारी 2025 च्या एका निकालात त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या संरक्षणाचा हेतू लक्षात घेऊन या तरतुदीचा उदार अर्थ लावला आणि आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची प्रत आधी काढून घ्या व त्यात सांभाळाचा उल्लेख आहे का, हे नीट वाचा. उल्लेख नसला तरी निर्वाहखर्चाचा मार्ग बंद होत नाही, आणि आजींच्या दृष्टीने आज तोच अधिक तातडीचा आहे.

यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आजींची स्वतःची इच्छा. अनेक वृद्ध 'पोराला तुरुंगात घालायचे नाही' म्हणून गप्प राहतात. पुतण्या किंवा त्याची माणसे समोर नसताना त्यांच्याशी निवांत बोला, निर्वाहखर्चाचा अर्ज हा फौजदारी खटला नाही हे समजावून सांगा, आणि त्यांनी होकार दिला तरच पुढे जा. त्यांनी आज नकार दिला तर रागावू नका. औषधपाण्याची सोय करत राहा व काही दिवसांनी पुन्हा विचारा.

होकार मिळाल्यावर आधार कार्ड, वयाचा पुरावा, सातबारा, फेरफार आणि औषधांच्या पावत्या जमवा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, त्यामुळे अर्ज लिहून घेण्यासाठी आजींच्या वतीने तालुका विधी सेवा समितीकडे जाता येईल. ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनवरही मार्गदर्शन मिळते.